बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

लंडन

ती. आई आणि ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर माझ्या इथल्या पदवीच्या विषयांबद्दल बाबांनी विचारले, "हिब्रू एक वेळ समजू शकतो, पण तिच्या जोडीला हंगेरियन कशाला? या दोन भाषांचा एकमेकींशी संबंध तरी काय?" तेव्हा मी विषय टाळला, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते. ते आज सवडीने लिहिते आहे.

बाबा, हिब्रू तुम्हाला परकी वाटत नाही याचे कारण आपले अलिबाग. तुमचे अर्धे बालपण इस्रायल आळीत खेळण्यात गेले. तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून ज्यांना आपल्याकडे 'शनिवार तेली' म्हणत, त्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, घरून नवीन वर्षाला चिकाचा हलवा येत असे, हे मी तुमच्याच तोंडून ऐकले आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी हिब्रू-मराठीत निघाली. तेव्हा मराठीतून हिब्रूकडे जाणारी मी काही पहिली नव्हे.

हंगेरियनचे तसे नाही, हे मान्य. हिब्रू अरबीची बहीण आहे, तर हंगेरियन फिनिशची दूरची नातलग. हिब्रूची २२ अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात आणि एरवीच्या छपाईत बहुतेक स्वर वाचणाऱ्याने मनाने भरायचे असतात. हंगेरियन वर्णमालेत मात्र ४४ अक्षरे आहेत आणि तिथे एक स्वर लांबला तरी अर्थ पालटतो. 'कोर' म्हणजे वय, पण त्यातला 'ओ' लांबवला की आजार. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी वयाऐवजी माझ्या आजाराची माहिती दिली आणि परीक्षकांनी काळजीने पुढचा प्रश्नही विचारला. गुण गेले ते गेलेच.

पण मराठी पदोपदी मदतीला येते. हिब्रूत पुरुष 'आनी कोतेव' म्हणतो आणि स्त्री 'आनी कोतेवेत' म्हणते; 'मी लिहितो', 'मी लिहिते' असे जन्मभर बोलणारीला त्यात शिकायचे काय? वर्गातल्या इंग्रज मुलांना मात्र ते घोकावे लागते. हंगेरियनमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे, पण 'घर'चे 'घरात' होते तसे तिथेही शब्दाच्या शेपटाला प्रत्यय जोडत जायचे असते. आणि 'लेवेल' म्हणजे झाडाचे पान, 'लेवेल' म्हणजेच पत्र. आपल्या 'पत्र' या शब्दातही पान आहेच की! मी हंगेरियनच्या प्रेमात पडले ती या शब्दापाशी.

आता खरा संबंध. तो व्याकरणात नाही, माणसांत आहे. हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टच्या दोहान्य रस्त्यावर, १८५९ साली उभे राहिलेले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) युरोपातले सर्वांत मोठे; त्याला लागून असलेल्या घरात पुढच्याच वर्षी ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीचे प्रणेते थिओडोर हर्झल जन्मले. त्या शहराच्या बोलीत मित्राला 'हावेर' म्हणतात, नशिबाला 'माझ्ली' आणि कामाला 'मेलो'. हे तिन्ही शब्द मूळ हिब्रूतले, युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेच्या वाटेने आलेले. ते वापरणाऱ्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. एफ्राईम किशोन हे बुडापेस्टचे गृहस्थ १९४९ साली इस्रायलला गेले, पंचविशीत हिब्रू शिकले आणि त्याच भाषेतले नामांकित विनोदी लेखक झाले.

मला सर्वांत जवळची वाटते ती हाना सेनेश. १९२१ साली बुडापेस्टला जन्मलेल्या या मुलीने तेराव्या वर्षी हंगेरियनमध्ये रोजनिशी लिहायला घेतली, १९३९ साली ती पॅलेस्टाईनला गेली आणि रोजनिशी हळूहळू हिब्रूत गेली. १९४४ साली, महायुद्धात, नाझींविरुद्ध हवाई छत्रीने उतरलेल्या तुकडीतून ती हंगेरीत परत आली, पकडली गेली आणि तेविसाव्या वर्षी बुडापेस्टमध्येच तिला गोळ्या घातल्या गेल्या. त्या वहीचा आरंभ वाचायला एक भाषा लागते आणि शेवट वाचायला दुसरी. इंग्रजी अनुवाद एकसलग वाचत गेले की ती भाषा बदलते कुठे, तेच कळत नाही. बाबा, या दोन भाषा एकत्र का, याचे माझे उत्तर एवढेच आहे.

नोकरीचे म्हणाल तर पदवी हातात पडताच कोणी बोलावून घेईल अशा भ्रमात मी नाही. अभिलेखागारांत आणि अनुवादात काम शोधायचे आहे आणि कर्जाचे हप्ते मीच फेडणार आहे. तिसरे वर्ष परदेशात काढायचे असते; बुडापेस्ट नक्की आहे, जेरुसलेमचे मात्र तिथली परिस्थिती पाहून आणि तुम्हा दोघांशी बोलूनच ठरवेन.

आई, आळीतल्या आजी भेटल्या तर चिकाच्या हलव्यासाठी गहू किती दिवस भिजवतात ते विचारून कळव. इथे नारळाचे दूध डब्यात मिळते, त्याने चालेल का, तेही विचार.

तुमची,
धाकटी