माळ्यावरचा रेडिओ

पुणे, ४ जुलै

प्रिय बंड्या,

तुझा फोन ठेवला आणि चैन पडेना, म्हणून सविस्तर लिहितोय. अण्णांचा रेडिओ माळ्यावरून काढलास, पुसलास, इथवर झकास. पण बाबा, प्लगला लावू नकोस! २० वर्षं बंद पडलेला सेट आहे तो.

मी मागच्या महिन्यात हाच गाढवपणा केला. आमच्या दादांचा व्हॉल्व्हचा सेट, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा. बटण फिरवलं, अर्ध्या मिनिटात स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा उजळला, मी खूश. मग जी घूंऽऽ सुरू झाली, ती आवाज पार कमी केला तरी हटेना. मागून डोकावतो तर ईएल८४ची, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हची, आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल! प्लग उपटला.

घूं कळायला सोपी. वीजपुरवठ्यातली घरघर गाळणारा, फिल्टरचा मोठा कंडेन्सर (आपले मेकॅनिक कपॅसिटर कधी म्हणाले?) सुकला होता. आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, वीज अडवतो तो तोच. वर्षानुवर्षं वापर नसला की पापुद्रा कमजोर होतो. मग एकदम तीनशेक व्होल्ट आले की कंडेन्सर तापतो, कधी फुटतोही. मी ३२-३२ मायक्रोफॅरडचा जुना डबा शोभेला तसाच ठेवला, त्याच्या तारा सोडवल्या आणि चॅसीच्या (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) पोटात ३३ चे दोन बसवले, ४५० व्होल्टचे. फार मोठे घालायचा मोह आवर, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला झेपत नाहीत.

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. ६० वॅटचा पिवळा बल्ब रेडिओच्या वायरीत सिरीजमध्ये लावला, म्हणजे सगळी वीज त्यातूनच जाते. तो भपकन पेटून मंदावला तर ठीक, तसाच ढणढणत राहिला तर आत शॉर्ट. घूं गेली, पण प्लेट पुन्हा लालसर व्हायला लागली.

कारण निघालं करंगळीएवढं. ईएल८४च्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधला करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीला) आवाज पोचवणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर. मेण जरा ओघळलेलं, बाकी दिसायला ठणठणीत. त्याने आवाज सोडायचा आणि डीसी अडवायचा. ग्रिडला मीटर लावला तर शून्य हवं तिथे ९ व्होल्ट! म्हणून व्हॉल्व्ह भलताच करंट ओढून लाल होत होता. बुधवार पेठेतून ६३० व्होल्टचा पॉलिएस्टरचा आणला, चहापेक्षा स्वस्त. तसाच चालू ठेवला असता तर व्हॉल्व्ह आणि स्पीकरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि तो आता आणायचा कुठून? आता आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला स्वच्छ लागतं.

तू एवढंच कर. प्लग लांब ठेवून मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढ आणि व्हॉल्व्हवरचे नंबर वाच. काचेवर बोट घासू नकोस, अक्षरं पुसतात. माझ्या एकाची गेलीच. नंबर 'यू'ने सुरू होत असतील तर चॅसी थेट घरच्या मेन विजेला जोडलेली असू शकते, हात लागला तर शॉक, मग तर मी येईपर्यंत त्याच्या वाटेलाही जाऊ नकोस. गणपतीत येतोच आहे, सोल्डरिंग आयर्न आणि बल्ब घेऊन.

आणि काकूंना सांग, इतक्यात त्याच्यावर फुलदाणी ठेवू नका.

तुझा,
पक्या