डॉक्टरला तोंडानं सांग, थायरॉईड बघा म्हणून

चि. गणू,

अण्णाचे आशीर्वाद. फोनवर मला नीट बोलता येत नाही, दुकानात गिऱ्हाईक असतं आणि तू पण दोन मिनिटात ठेवतोस, म्हणून शटर ओढून इथंच बसून टाईप करतोय. मोठं झालं तरी शेवटपर्यंत वाच.

रविवारी तू म्हणलास की अण्णा, अभ्यासिकेत बसलं की अर्ध्या तासात डोळे मिटतात, रात्री नऊ तास झोपून पण सकाळी अंग उचलत नाही. आणि मी काय म्हणलो, तर आळस सोड, तुझ्याबरोबरची पोरं बघ कुठल्या कुठं गेली. तू गप झालास, बरं म्हणलास आणि ठेवलास. तुझी आई मागं उभी राहून ऐकत होती. तेव्हा काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर कपाटातून तिची जुनी फाईल काढली, ती मेडिकलच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, मला पण तुम्ही असंच म्हणत होता. एवढंच म्हणली आणि भांडी घासायला गेली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही बाळा.

तुला त्यातलं किती आठवतं माहीत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं तो. आपल्याकडं पण टँकरच्या भरवशावर सगळं, आणि तुझी आई पहाटेपासून घागरी घेऊन रांगेत. त्या उन्हाळ्यानंतर ती थकायला लागली, आणि सगळ्यांनी तेच धरलं की पाणी वाहून वाहून बाई खंगली, पाऊस पडला की होईल बरी. पाऊस पडला, दुसरं वर्ष आलं, तरी ती काही बरी झाली नाही.

मी दुकानात बसलो की मला आतून भाकरी थापायचा आवाज यायचा, एका लयीत, किती झाल्या ते मी न बघता सांगायचो. तो आवाज मधीच थांबायला लागला. आत जाऊन बघावं तर परातीला हात टेकवून बसलेली, बोटाचं पीठ वाळून गेलेलं, तवा जळतोय. काय झालं म्हणलं तर काही नाही, जरा दम खाते. मे महिन्यात गच्चीवर आपण सगळे उघडे पडायचो आणि ही वाकळ पांघरून, तरी पाय गार. जेवण निम्म्यावर आलेलं आणि वजन मात्र वाढत चाललेलं. पायातली जोडवी निघेना. पोट साफ होत नव्हतं, केस मुठीनं जायचे, पाळीचा त्रास वाढला होता, तो तिनं मला सांगितला पण नव्हता, बहिणीला सांगितला होता. उधारीची वही दहा वर्षं तिच्याकडं होती, कधी एक आकडा चुकला नाही, आणि त्या वर्षी एकाच गिऱ्हाईकाचं तेल दोनदा लिहिलं आणि दुसऱ्याचं लिहिलंच नाही. मी तिला चार लोकांसमोर बोललो, ध्यान कुठं असतं तुझं म्हणून. ती खाली बघत राहिली. ते मी आजपर्यंत विसरलो नाही.

दवाखाना केला नाही असं नाही. गावातल्या दवाखान्यात दर महिन्या दोन महिन्याला नेत होतो. विकनेस आहे म्हणायचे, पिवळं इंजेक्शन टाकून सलाईन लावायचे, रक्तवाढीच्या गोळ्या द्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. एकदा म्हणले, टेन्शन घेऊ नका, वयानुसार होतं बायकांना. तेव्हा तिचं वय अडतीस! दोन वर्षांत कुणी रक्त काढून थायरॉईड बघितलं नाही, आणि मी पण कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं डॉक्टरला काय शिकवायचं आपण.

शेवटी २०१८ च्या दिवाळीनंतर एका लग्नात उदगीरची मावशी भेटली. तिनं आईचा आवाज ऐकला आणि हात धरून बाजूला नेलं. अक्का, तुझा आवाज घोगरा झालाय, तोंड सुजल्यासारखं दिसतंय, मला अगदी असंच झालं होतं. आठ दिवसांनी आम्ही लातूरला एका फिजिशियनकडं गेलो. आत गेल्यावर नेहमीसारखं मीच बोलायला लागलो, तर तुझ्या आईनं मला थांबवलं आणि स्वतः म्हणाली, डॉक्टर साहेब, माझ्या बहिणीला थायरॉईड आहे, मला दोन वर्षं झाली असं असं होतंय, माझं एकदा तपासून बघा. डॉक्टरनं नाडी धरली, मानेवरून हात फिरवला, पाणी गिळायला सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. साडेतीनशे रुपयाची तपासणी. टीएसएच आला ४७. लॅबच्या कागदावर नॉर्मल लिहिलेलं साधारण ०.४ ते ४.

डॉक्टरनं समजावून सांगितलं ते माझ्या चांगलं ध्यानात राहिलं, कारण ते आपल्या धंद्यासारखंच आहे. गळ्याच्या पुढं फुलपाखरासारखी ग्रंथी असते, ती हार्मोन बनवते, आणि अंगातला सगळा कारभार किती वेगानं चालवायचा ते त्याच्यावर. मेंदूच्या खाली दुसरी एक छोटी ग्रंथी असते, ती हिच्यावर लक्ष ठेवते. टीएसएच म्हणजे त्या वरच्या ग्रंथीचा हुकूम, माल पाठव म्हणून. होलसेलवाल्याकडून माल येईना झाला की मी दिवसाला पाच फोन करतो ना, तसं. म्हणून टीएसएच वाढलेला म्हणजे थायरॉईड कमी पडतंय, आकडा मोठा म्हणजे थायरॉईड जास्त असं नाही. लै लोक उलटं समजतात. थायरॉईड जास्त झालं तर टीएसएच खाली जातो, आणि तेव्हा वजन उतरतं, छातीत धडधड होतं, हात कापतात, गरम सहन होत नाही.

मी विचारलं, साहेब आमचं तर किराणा दुकान आहे, घरात आयोडीनचंच मीठ, मग हे कसं. ते म्हणले आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो ते खरं, पण हिचं वेगळं आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते. त्याची अँटी टीपीओ म्हणून तपासणी केली, ती पण वाढलेली निघाली. हाशिमोटो नाव आहे त्याला, जपानी डॉक्टर होते, त्यांनी १९१२ ला हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. म्हणजे शंभर वर्षांपेक्षा जुना, सगळ्या डॉक्टरांना माहीत असलेला आजार, आणि आपल्या घरात दोन वर्षं त्याला आळस म्हणत होतो आपण.

आता तुला हे सगळं कामून सांगतोय. हा आजार घराण्यात चालतो. आईला, मावशीला आहे. बायकांत जास्त होतो, पुरुषांत कमी, पण होत नाही असं अजिबात नाही, आणि कमी होतो म्हणूनच पोराच्या बाबतीत कुणाच्या डोक्यात लवकर येत नाही. त्यात तू एमपीएससीचा विद्यार्थी. पुण्यात कुठल्याही डॉक्टरकडं गेलास तर तो म्हणणार मेसचं जेवण, जागरण, परीक्षेचं टेन्शन. असेल पण तसं. पण रक्त बघून म्हणू दे.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, आलास तेव्हाच आईनं मला म्हणलं होतं. शेतात ऊन चांगलं तापलं होतं, सगळी माणसं झाडाखाली सावली धरून बसलेली, आणि तू स्वेटर घालून उन्हात, कोपीला टेकून झोपलेला. उंडे आणि भज्जी म्हणजे तुझा जीव, आंबील तू तांब्यानं पितोस, आणि यावर्षी दोन घास खाल्लेस आणि नको म्हणलास. पोरं बांधावरून हाका मारत होती तरी उठला नाहीस. आईनं तुझ्या डोक्याला तेल लावलं तर तिच्या हाताला केस आले, ते तिनं मला दाखवले. मी म्हणलं पुण्याचं पाणी जड आहे. काहीतरी बोलून गेलो मी.

तर आता सोमवारी जा. एमबीबीएस किंवा एमडी मेडिसिन बघून जा, नाहीतर सरळ ससूनला जा, सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळचीच असते, लवकर उठावं लागेल, मित्राला सोबत घे. आत गेल्यावर नुसतं विकनेस आहे म्हणू नकोस, त्या शब्दानं सलाईनच मिळतं. कधीपासून ते सांग, किती तास झोपतोस आणि तरी काय होतं ते सांग, वजन किती होतं आणि किती झालं, पोट साफ होतं का, थंडी वाजते का, वाचलेलं ध्यानात राहत नाही म्हणलास ते पण सांग. लाजू नको. कागदावर लिहून नेलास तरी चालतं, डॉक्टरपुढं गेलं की निम्मं विसरतं माणूस. आणि मग स्वच्छ म्हण, डॉक्टर, माझ्या आईला आणि मावशीला थायरॉईड आहे, माझा टीएसएच एकदा बघता का. विनंतीनं म्हण, पण म्हण. गरज नाही म्हणले तर विचार की मग हा थकवा कशानं आहे ते शोधायला काय तपासायचं. यात डॉक्टरचा अपमान नाही रे, आपण गिऱ्हाईकाला माल दाखवतोच की मागितल्यावर.

एक गोष्ट ध्यानात ठेव, तू केसासाठी त्या गोळ्या घेतोस म्हणलास, त्यात बायोटिन आहे का बघ पाकिटावर. बायोटिननं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, नसलेला आजार दिसतो किंवा असलेला झाकतो. दोन-तीन दिवस आधी बंद कर आणि डॉक्टरला तसं सांग. थायरॉईडसाठी उपाशी पोटाची सक्ती नसते, पण शुगर पण बघायची असली तर काही न खाता जा. आणि एकदा सुई टोचणारच आहे तर हिमोग्लोबिन आणि बी १२ बद्दल पण विचार, आपण माळकरी माणसं, अंडी मटण घरात नाही आणि तुझ्या मेसमध्ये दूध दह्याचा पत्ता नाही, बी १२ कमी असलं तरी असंच गळून जातं माणूस. थायरॉईड नॉर्मल निघालं तर तुला खोटं ठरवायला मी बसलेलो नाही, मग दुसरं कारण शोधू.

थोडासाच वाढलेला निघाला, पाच सहा सात असा, तर घाबरू नकोस. बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी परत बघतात, टी ४ म्हणजे त्या थायरॉईडचं हार्मोन, ते बघतात आणि मग ठरवतात, लगेच गोळी लागतेच असं नाही. आणि आईच्या गोळ्या घरात आहेत म्हणून त्यातली एक घेऊन बघू असलं काही मनात आणू नकोस. गोळी रक्त बघून आणि माणूस बघून ठरते, जास्त झाली तर धडधड होतं, हाडं झिजतात.

लागलीच तर ती पण काही मोठी गोष्ट नाही. आईची बघतोस ना, रोज उठल्या उठल्या उपाशी पोटी पाण्याबरोबर, मग अर्धा पाऊण तास चहा नाही. सुरुवातीला ती चहाबरोबरच घ्यायची, आणि कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी, त्यामुळं दीड महिन्यानं तपासलं तर टीएसएच पाहिजे तसा उतरलेला नव्हता, डॉक्टरनं विचारल्यावर कळलं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवायची. आठ दिवसात काही फरक पडत नाही, तिला पण पडला नव्हता, ती रडली होती की आता याचा पण उपयोग नाही म्हणून. साधारण अडीच महिने झाले असतील, एक दिवस मी दुकानात साखर मोजत होतो आणि आतून भाकरीचा आवाज सलग आला. मी तराजू तसाच धरून उभा राहिलो.

माझं ते रविवारचं बोलणं मनात ठेवू नकोस. तू आळशी नाहीस. शाळेत असताना पहाटे चारला उठून गच्चीवर अभ्यास करणारं पोरगं आहेस तू, मी बघितलंय. परीक्षा यावर्षी नाही झाली तर पुढच्या वर्षी दे, त्याचं मी बघतो.

दीड हजार टाकलेत तुझ्या नंबरवर, तपासणीचेच आहेत, मेसला भरू नकोस. धपाटे आणि शेंगाची चटणी ट्रॅव्हल्सनं पाठवतोय, ड्रायव्हरचा नंबर उद्या टाकतो. आईनं तिच्या २०१८ च्या रिपोर्टचा फोटो तुला पाठवलाय, तो डॉक्टरला दाखव. आणि तुझा रिपोर्ट आला की आधी तिला पाठव, मला नंतर पाठवलास तरी चालेल, तिला त्यातलं जास्त कळतं.

तुझे अण्णा