ती गळती नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की वर्तमानपत्रात एखादी तरी बातमी येतेच: बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू, गॅस गीझरच्या गळतीने दुर्घटना. पूर्वी मी हळहळायचे आणि पान उलटायचे. गेल्या जानेवारीत ती बातमी आमच्याच घरची होता होता राहिली. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि माझी विनंती त्या ‘गळती’ शब्दाबद्दल आहे.

आम्ही साताऱ्यात मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं, बाथरूम मागाहून काढलेलं, त्यामुळे अगदी लहान. गीझर आतच होता, सिलिंडर मागच्या गॅलरीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा गारठा सोसत नाही म्हणून बाथरूमच्या झरोक्याला आम्हीच पुठ्ठा ठोकला होता. त्या रविवारी कऱ्हाडला लग्नाला जायचं होतं, म्हणून पहाटेपासून अंघोळी सुरू झाल्या. आधी मुलगा, मग हे, मग सून. गीझर अर्धा तास तरी सलग चालू असेल.

सून आत असताना पॅसेजमधली डबी वाजू लागली. ही डबी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. माझा भाचा इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहतो. तिथे ऑक्टोबर २०२२ पासून गॅस बॉयलर वगैरे असलेल्या खोलीत असा अलार्म लावून देणं घरमालकावर बंधनकारक आहे. गणपतीला आला तेव्हा आमचं बाथरूम बघून तो अस्वस्थ झाला आणि पुढच्या खेपेला ही डबी घेऊन आला. आम्ही ती कौतुकाने लावली आणि विसरून गेलो.

आवाज कानात घुसणारा होता. सासूबाई झोपलेल्या, नात अंथरुणात. हे म्हणाले, “सेल गेला असेल,” आणि डबी खाली काढून सेल काढून ठेवला. घर शांत झालं. “बरं झालं,” असं मीच म्हटलं. ते वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पाच-सात मिनिटांत नात उठून बसली. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणू लागली. माझंही डोकं जड झालं होतं, पण पहाटे उठल्यामुळे असेल असं मी धरून चालले होते. दोघींचं एकाच वेळी कसं दुखतंय, हे मुलाच्या लक्षात आलं. त्याने डबी उचलून सेल परत घातला. लगेच चार लागोपाठ टिट, थोडं थांबून पुन्हा चार. आणि डबीच्या पाठीवर भाच्याच्या अक्षरातली पट्टी दिसली: “मामी, ही वाजली तर आधी सगळे बाहेर. बाकीचं नंतर.”

मुलाने बाथरूमचं दार बडवलं. सुनेने कशीबशी कडी काढली आणि उंबऱ्यातच बसली. तिला धरून अंगणात आणलं, सासूबाईंना खुर्चीसकट उचललं, नातीला मी घेतलं. बाहेर आल्यावर मुलगा मोबाईल आणायला आणि गीझर बंद करायला परत आत निघाला. शेजारच्या काकांनी त्याचा दंड धरून ठेवला, म्हणून तो थांबला. रेग्युलेटर त्यांनी गॅलरीच्या बाहेरच्या जिन्याने जाऊन बंद केला आणि स्वतःच्या फोनवरून १०८ ला कळवलं.

गाडी यायच्या आत आम्ही सुनेला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. बोटाला चिमटा लावला, आकडा ९८. “ऑक्सिजन उत्तम आहे, थंडी बाधली असेल, घरी न्या,” असं सांगण्यात आलं. मुलाने ऐकलं नाही. मोठ्या रुग्णालयात तिथल्या डॉक्टरांनी ‘कार्बन मोनॉक्साइड’ हा शब्द ऐकताच आधी मास्क लावला, मग रक्त तपासायला पाठवलं. त्यांनी समजावून सांगितलं की हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या चिमट्याला दोघांतला फरक कळत नाही. माणूस आतून गुदमरत असताना आकडा छान दिसतो. साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कमधल्या शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. संध्याकाळी सून घरी आली. सासूबाईंना मात्र वयामुळे रात्रभर ठेवून घेतलं. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई आणि तिच्या पोटातलं बाळ, हृदयविकार असलेले, यांना हा वायू जास्त बाधतो.

आता त्या शब्दाकडे येते. ‘गळती’ म्हटलं की माणूस वास शोधतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, अशी आपली समजूत पक्की आहे. आमच्याकडे गॅस जरासुद्धा गळत नव्हता. नळी नवी होती, जोड घट्ट होते. गॅस जळत होता, पण कोंडलेल्या जागेत, अपुऱ्या हवेत जळत होता. अशी ज्योत अर्धवट जळते, तिची निळाई जाऊन ती पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. सासूबाईंच्या उमेदीत परसात तांब्याचा बंब पेटायचा. त्याच्या धुरातही हा वायू असणारच, पण वर आभाळ मोकळं होतं, आणि धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला सरायचा. बंद बाथरूममधल्या गीझरने ती सूचनाच काढून घेतली आहे. बातमीत ‘गळती’ छापलं की वाचणारा आपली नळी तपासतो, निर्धास्त होतो, आणि झरोक्याचा पुठ्ठा तसाच राहतो. कृपा करून ‘कोंडलेल्या जागेत गॅस जळून तयार झालेला विषारी वायू’ असं छापा. चार शब्द जास्त लागतील, लागू द्यात.

दोन धोके एकच समजले की उपायही चुकतात. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ वर कळवायचं. हे आपल्याला थोडंफार माहीत असतं. पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर काय बिघडलंय ते बघत घरात फिरायचं नाही. बाहेर यायचं, माणसं मोजायची, ११२ किंवा १०१ ला फोन करायचा, कुणाला चक्कर, मळमळ, गुंगी असेल तर १०८. वाटेतली खिडकी उघडली तर चांगलंच, पण त्यासाठी रेंगाळायचं नाही. खिडकी उघडल्यावर डबी गप्प होते आणि ‘उगाच वाजली’ असं वाटतं. ती उगाच वाजत नाही. भाच्याने आणलेल्या प्रकारातली डबी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग तास-दीड तास टिकले तर वाजते, १०० भाग असतील तर दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० झाले तर तीन मिनिटांच्या आत. म्हणजे ती वाजली तेव्हा तो वायू आपल्या श्वासात आधीपासूनच आहे. सेल संपल्याचा आवाज वेगळा असतो, मिनिटाभराने एखादी बारीक टिट. आणि दवाखान्यात गेल्यावर ‘गॅसवर अंघोळ करताना झालं, अलार्म वाजला होता’ हे आपण होऊन सांगायचं.

नंतर दुसरी डबी घ्यायला मी बाजारात गेले, तर दोन दुकानांत सिलिंडरच्या गळतीचा अलार्म पुढे केला. तो हा वायू ओळखत नाही. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि मुदत बघून घ्यावी, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो.

दिवाळी तोंडावर आहे. नरकचतुर्दशीला पहाटे भरल्या घरात दहा-बारा माणसं एकामागून एक अभ्यंगस्नान करतील, बाहेर गारठा आणि झरोके बंद. महाबळेश्वर-पाचगणीकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणारे आहेतच. कृष्णेच्या पुरात २०१९ ला सांगलीकडे दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळी कुणी जनरेटर घराच्या आत किंवा ओसरीवर चालवला तर तोही हाच वायू सोडतो. दिवाळीआधी आपल्या पानावर यासाठी एक चौकट द्यावी, ही कळकळीची विनंती.

आमचा गीझर आता बाहेर गॅलरीत आहे. मिस्त्रीने उघडला तेव्हा बर्नरवर काजळीचा थर होता. झरोक्याचा पुठ्ठा काढला आणि बाथरूमला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवली. सासूबाईंना कोणी उचलायचं आणि समोरच्या मारुतीच्या पारावर जमून कोणी माणसं मोजायची, ते ठरलं आहे. मोजायचं काम नातीने मागून घेतलं.

आपली नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)