डॉन्कास्टरहून बाबांना पत्र

डॉन्कास्टर, इंग्लंड

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

तुमचे पत्र मिळाले. आईच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इथल्या शाळेत प्रकल्पातून शिकवतात म्हणजे नेमके काय करतात, आणि आपल्याकडच्या प्रकल्पवहीहून ते निराळे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. ते निराळे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

डॉन्कास्टर हा दक्षिण यॉर्कशरमधला कोळशाचा आणि रेल्वेचा मुलूख. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप इथले लोक अजून विसरलेले नाहीत. जवळची हॅटफील्डची खाण २०१५ मध्ये बंद झाली. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातील अकरा-बारा वर्षांच्या मुलांपुढे सध्या एकच प्रश्न ठेवला आहे : खाणीने आपले गाव कसे घडवले? इतिहास, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक आपापल्या तासांना याच प्रश्नाच्या अंगाने शिकवतात. शेवटी मुलांनी तयार केलेली पुस्तिका आणि प्रदर्शन पाहायला निवृत्त खाणकामगार येणार आहेत, आणि चूक असेल तर ते तोंडावर सांगतील, हे मुलांना पक्के ठाऊक आहे.

परवा एका मुलीने डेव्हीच्या दिव्याचा उभा छेद काढून फळ्यावर लावला. हा दिवा हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये खाणीतील स्फोट टाळण्यासाठी तयार केला. चित्र सुबक होते, आपल्याकडे त्याला लगेच शेरा मिळाला असता. पण वर्गाचा नियम असा की अभिप्राय सौम्य, नेमका आणि उपयोगी पडेल असाच द्यायचा. एक मुलगा म्हणाला, "जाळी छान काढली आहेस, पण आतली ज्योत बाहेरचा वायू का पेटवत नाही, हे चित्रावरून कळत नाही." यावर बाईंनी उत्तर सांगितले नाही, तारेची जाळी ज्योतीवर धरून दाखवली. ज्योत जाळीखालीच राहिली. धातू उष्णता ओढून घेतो, म्हणून वरचा वायू पेटण्याइतका तापत नाही, हे मुलांनीच बोलून दाखवले. मुलीने चित्र पुन्हा काढले, त्यात उष्णतेचे बाण आले. त्यावरही चर्चा होऊन ते तिसऱ्यांदा काढले गेले. माझ्या मते या पद्धतीचा सगळा कस इथेच आहे. प्रकल्प सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी ही पुस्तिका स्वतः करून पाहिली होती, त्यामुळे मुले कुठे अडतील याचा त्यांना अंदाज होता.

नुसते प्रकल्पाचे नाव दिल्याने मात्र काही साधत नाही. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या शिकवण्याच्या पद्धती तपासून पाहणाऱ्या इथल्या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा शिकवण्याने वाचन-लेखन सुधारल्याचे दिसले नाही. उलट शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब घरच्या मुलांचे नुकसान झाले असावे, असा इशारा त्यात होता. बऱ्याच शाळा चाचणीतून मध्येच गळाल्यामुळे तो निष्कर्ष जपून घ्यायला हवा, तरी गरीब मुलांविषयीची ती गोष्ट मला फार लागली, कारण आपल्या शाळेत बहुतेक मुले तशाच घरांतली आहेत. ज्यांच्या घरी मदतीला कोणी नाही, त्यांना मोकळे सोडून चालणार नाही. त्यांना आधी नीट शिकवलेच पाहिजे. आपल्याकडे आई-वडील रात्री जागून थर्माकोलचा किल्ला करतात आणि गुण मुलाला मिळतात, हा प्रकार मला आता अधिकच खुपतो. हातांनी काम करत शिकण्याचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींच्या नई तालीमच्या रूपाने मांडला गेला होता, हे तर तुम्हीच मला शिकवले आहे.

परत आल्यावर आपल्या गावचा पाझर तलाव सहावीच्या वर्गापुढे ठेवायचा माझा विचार आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या कामावर खडी फोडलेली, माती वाहिलेली माणसे अजून गावात आहेत. तुम्ही त्यांना भेटून, मुलांशी बोलायला कोण तयार आहे हे विचारून ठेवा. त्या वेळच्या मजुरीचे किंवा हजेरीपटाचे कागद कोणाच्या ट्रंकेत असतील तर तेही पाहा, पण मूळ कागद मागून घेऊ नका. मी आल्यावर त्यांच्या घरीच फोटो काढू.

आईला नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची लेक