ग्लोव्हजमागचा माणूस

जर्सी सिटी

प्रिय माध्या,

काल ब्रॉन्क्सला यांकी स्टेडियमवर बेसबॉल बघायला गेलो होतो आणि सामनाभर तुझीच आठवण येत होती.

इथे सीमेपलीकडे कुंपणाआड एक जागा असते, बुलपेन म्हणतात. नंतर मैदानात उतरणारे पिचर, म्हणजे आपले गोलंदाज, तिथे हात गरम करतात आणि त्यांचे चेंडू झेलायला एक माणूस कायम उकिडवा बसलेला असतो: बुलपेन कॅचर. मी कठड्याशी उभं राहून त्यालाच बघत बसलो. 18.44 मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरने चेंडू येतो, टप्पा न पडता, आणि ग्लोव्हज एकाच हातात. चेंडू ग्लोव्हजच्या नेमक्या खळग्यात घेतला की फटाक्यासारखा आवाज होतो. झेलल्यावर तो हात क्षणभर तिथेच धरून ठेवायचा, चेंडू कुठे आला ते पिचरला दिसावं म्हणून. तू नेट्समध्ये अगदी असंच करायचास.

फोन वाजला, एक पिचर उठला, वीसेक चेंडू टाकले. तेवढ्यात आत डाव सावरला आणि त्याला बसायला सांगितलं. कॅचर उठला, गुडघे चोळले, पाणी प्यायला. थोड्या वेळाने पुन्हा फोन. गणवेश संघाचा, पण सामन्यात खेळायचं नाही, धावफलकावर नाव नाही. दुपारी सगळ्यांच्या आधी येऊन सरावाचे चेंडू झेलायचे ते वेगळंच.

यातल्या एका माणसाबद्दल तुला सांगायलाच हवं. माइक बोर्झेलो. कार्डिनल्स नावाच्या संघाच्या खालच्या लीगमध्ये कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा, होता, वर पोचला नाही. 1996 साली इथल्या यांकीज संघाकडे बुलपेन कॅचर म्हणून आला आणि 2007पर्यंत राहिला. मॅनेजर जो टोरी त्याचा धर्मपिता, त्यामुळे वशिला म्हणणारे असतील. पण दीडशेच्या वेगाचा चेंडू वशिला बघत नाही.

1997च्या जूनमध्ये संघ डेट्रॉइटला होता. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा सामन्याआधी संघातल्याच रामिरो मेंडोझाबरोबर सहज फेकाफेकी करत होता आणि सरळ टाकलेला चेंडू अगदी शेवटी झपकन बाजूला जायला लागला. मेंडोझाला तो धड झेलता येईना. मग तोच चेंडू बोर्झेलोच्या ग्लोव्हजमध्ये यायला लागला. तो आणि पिचिंग कोच मेल स्टॉटलमायर यांनी रिव्हेराबरोबर बसून पकड बदलून पाहिली, चेंडू सरळ करायचा प्रयत्न केला. होईना. शेवटी म्हणाले, राहू दे. त्याच चेंडूने, त्या कटरने, रिव्हेराने डावखुऱ्यांच्या बॅटी मुठीशी मोडल्या, 652 सेव्ह केले, म्हणजे तितक्या वेळा शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवली, आणि 2019 साली मतदान करणाऱ्या प्रत्येकाचं मत मिळवून हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. असं एकमत त्याआधी कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

मला यातलं ‘राहू दे’ फार मोठं वाटतं. रोज शंभर चेंडू हातात घेणाऱ्यालाच कळतं की ही चूक आहे की देणगी. कोच बाजूने बघतो, फलंदाजाला निमिषभर दिसतं. झेलणाऱ्याच्या तळव्याला मात्र सगळं कळतं.

म्हणून शिवाजी पार्कची ती सकाळ आठवली. कॉलेजचं शेवटचं वर्ष. माझे दोन-तीन चेंडू टप्पा पडून आपोआप आत आले. तू ग्लोव्हज काढत पिचच्या मध्यापर्यंत चालत आलास आणि म्हणालास, “काय करतोयस ते मला माहीत नाही, पण हात बदलू नकोस.” मी ऐकलं नाही. सरांना सरळ चेंडू हवा होता, मी आठवडाभर घासून तो सरळ करून टाकला. तू तेव्हा पुन्हा काही बोलला नाहीस. रोज माझ्यासमोर उकिडवा बसत राहिलास, स्वतः संघात नसूनसुद्धा. त्याबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. आज मानतो.

डाव्या अंगठ्याचं दुखणं कसं आहे? थंडीत अजून आखडतो का? वहिनींना नमस्कार सांग. डिसेंबरात मी येतोय, तेव्हा एक टेनिस बॉल घेऊन खाली उतरू. त्या दिवशी माझं मनगट कसं होतं ते मला आठवत नाही. तुला नक्की आठवत असेल.

तुझा,
शिऱ्या