गडग्यावरची कळलावी

देवरुख,
पिठोरी अमावास्या

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला, कारण पहिल्यांदा वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकतोय. युरिक ॲसिडने सांधे दुखतात त्यावर कळलावीचा, म्हणजे आपल्या गडग्यावरच्या त्या विषारी वेलीचा, कंद उगाळून रोज सकाळी चाटायचा म्हणे! आणि वर, 'रानातलं आहे, अपाय कसला?' अंगठ्याला चादर लागली तरी जीव जातो म्हणून तू रात्री तीनला फोन केला होतास, तेव्हा माणूस काय वाट्टेल ते करायला का तयार होतो ते मला कळतं. पण हे करू नकोस. कंद मागवला असशील तर तसाच ठेव, तोंडात घालू नकोस. एवढं वाचलंस की पुढचं चहा घेऊन वाच.

गंमत म्हणजे तो माणूस अर्धं खरं बोलतोय. डॉक्टरांनी तुला दिलेली ती पिटुकली गोळी आहे ना, कोल्चिसिनची, तेच द्रव्य कळलावीत असतं. १८२० साली पेलतिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच माणसांनी ते युरोपातल्या एका कंदातून वेगळं काढलं, आणि तो कंद आपल्या कळलावीच्याच कुळातला. तमिळनाडूत तर बियांसाठी कळलावीची शेती करतात. म्हणजे औषध आहेच. पण तुझ्या गोळीच्या पाकिटावर बघ, ०.५ मिलिग्रॅम छापलेलं असेल. कंदावर काही छापलेलं नसतं. आणि या द्रव्याचं गुण येणं आणि जीव घेणं यांत अंतर फार थोडं.

ते पेशींची विभागणीच रोखून धरतं. म्हणून शरीरात जिथे रोज नव्या पेशी होतात तिथे आधी मार बसतो. खाल्ल्यावर दोन-चार तास काहीच होत नाही, माणूस म्हणतो पचलं. मग पटकीसारख्या उलट्या-जुलाब. त्यानंतर एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, हृदय, हाडांतला मगज. त्यातून वाचलाच, तर पंधरवड्याने डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळतात. यावर हमखास उतारा नाही. (तुझ्या डोक्यावर गळायला फारसं उरलेलं नाही, ते सोड.)

आत्ता लिहितोय तिथून खिडकीतून आवाराचा दगडी गडगा दिसतो आणि त्यावर तीच फुललीय. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल, कडा चुण्या पाडल्यासारख्या. पानाचं टोक लांबत जाऊन त्याचाच आकडा होतो आणि त्याने ती करवंदीच्या जाळीला धरून वर चढते. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. गोऱ्या-पांढऱ्या कंदाला पाहून एखाद्याला खायची कणगर वाटावी, आणि तसे घोटाळे होतातही.

कळलावी नाव का, आठवतंय? घरात आणली तर भांडणं लावते, असं आपल्याला सांगायचे. मोठं झाल्यावर कळलं की ही कळ बाळंतपणाची. अडलेल्या बाईच्या बेंबीला, तळपायांना कंदाचा लेप लावायचे. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट अशी, की सुईण लेप लावून बाजूला व्हायची नाही. हातात ओलं फडकं घेऊन बसायची, आणि मूल बाहेर आलं रे आलं की आधी लेप पुसायची, मग नाळेकडे बघायची. त्यानेही धोका टळत होता असं मी म्हणणार नाही. किती बाया गेल्या ते कोणी लिहून ठेवलं नाही. पण ते फडकं तुझ्या व्हिडिओत कुठे आहे?

हेच बिब्ब्याचं. टाचेला भेगा पडल्या की आजी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि तेल सुटलं की नेमका भेगेत एक ठिपका. त्याआधी विचारणार, 'तुला उततो काय रे?' मी दहा वर्षांचा असताना तिच्या माघारी तोच प्रयोग केला आणि घामाचा हात तोंडावरून फिरवला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात, गाल भोपळ्यासारखा, पाणी भरलेले फोड. आठ दिवस खोबरेल लावून पडवीत पडून होतो. वैद्यसुद्धा बिब्बा आधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल उतरवतात, मगच औषधाला घेतात. आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात मिटक्या मारत खातो!

गुंजेचं तर विचारूच नकोस. पाला पानपट्टीत घालतात, गोड लागतो, घसा मोकळा होतो. बी मात्र फोडून पोटात गेलं तर जीव घेऊ शकतं. सोनार त्यानेच सोनं तोलायचे, शहाण्णव गुंजांचा तोळा.

आयुर्वेदावर माझा राग नाही, तुला माहीत आहे. सरकारी औषध नियमांत या विषारी वनस्पतींची वेगळी यादी आहे, भल्लातक म्हणजे बिब्बा, धत्तूर, लांगली, गुंजा सगळे त्यात, आणि त्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं असं छापावं लागतं. मला राग येतो तो कोपऱ्यात मोबाइल नंबर टाकून कंद कुरिअरने विकणाऱ्याचा.

कुणी चुकून खाल्लंच, तर उलटीची वाट बघत बसायचं नाही, ताक-लिंबू करायचं नाही. कंदाचा तुकडा पिशवीत घालून थेट मोठ्या हॉस्पिटलात. वहिनींनाही हे वाचून दाखव.

चतुर्थीला येतोयस ना? स्टँडवरून चालत येऊ नकोस, रिक्षा कर. आणि कंद आलाच असेल तर नातवाच्या हाताला लागणार नाही असा कागदात गुंडाळून घेऊन ये. गडग्याच्या दक्षिणेच्या टोकाला जागा रिकामी आहे, तिथे लावू.

तुझा,
बाळू