रविवारचा ग्रीक शब्दांचा वर्ग : वेळ बदलली

सर्वांना सप्रेम सलाम.

येत्या रविवारी वर्ग ५ ऐवजी ४ वाजता, वाशीत नेहमीच्याच घरी. मेगाब्लॉक असू शकतो, ठाणेकरांनी आधीची गाडी धरावी.

पाठ : बायबलमधले योहानाचे शुभवर्तमान, २१:१५-१७. 'माझ्यावर प्रेम करतोस का?' असे येशू आपला शिष्य पेत्र याला पहिल्या दोन वेळा 'अगापाओ' वापरून विचारतो, तिसऱ्यांदा 'फिलेओ' (दोन्ही 'प्रेम करणे' या अर्थाची ग्रीक क्रियापदे). पेत्राच्या तोंडी मात्र तिन्ही वेळा 'फिलेओ'च. हा फरक मुद्दाम केलेला, की योहानाला समानार्थी शब्द आलटूनपालटून वापरायची सवयच होती? अभ्यासकांत एकमत नाही. मला दुसरे पटते. वाद घालायला जरूर या!

- छापील मराठी पवित्र शास्त्र आणावे, मोबाइल नको.
- या तीन वचनांत 'प्रीती' कुठे, 'प्रेम' कुठे, पेन्सिलने खूण करून यावे.
- खाऊची पाळी ऐरोलीकरांची.